दादाकडच्या ठेवी

मुलुंडहून निघून घाटकोपर, अंधेरी आणि बोरीवली करून परत यायचं, याला प्रवास म्हणणं जरा धाडसाचंच आहे. लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि मग लिहितात. मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस उपनगरांतच हिंडलो. तरीही लिहितो आहे, कारण या प्रवासात मी एक खोटी गोष्ट सांगितली आणि ती माझ्या गाडीपेक्षा जोरात धावली. ती ज्यांच्या कानांवर गेली असेल, त्यांतले काही जण तरी हे वाचतील अशी आशा आहे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, वसंतदादाची. दोन माणसांची, विलायती, जवळजवळ माझ्याच वयाची. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. चाकं इतकी बारीक की सायकलीची थोरली भावंडं वाटावीत. तिसऱ्या गियरमध्ये ती टिटवीसारखी ओरडे, म्हणून तिचं नाव टिटवी. समोर दोन दिव्यांच्या जागी एकच दिवा. दादा एका कारखान्यात नकाशे काढी. लग्न त्यानं केलं नाही. आमच्याच घरी राही आणि सुट्टीचा सगळा दिवस मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घालवी. मी शाळेत मराठी शिकवतो. मोटार चालवायला दादानं शिकवलं ते त्याच्या हट्टानं, आणि मी शिकलो ते त्याचं मन मोडू नये म्हणून. श्रावणात दादा गेला.

दादासारखे जुन्या गाड्यांचे वेडे उपनगरांत आणखी तिघे होते. त्यांच्यात एक रीत होती. गाडी वर्षानुवर्षं अंगणात बंद पडून राहिली की केव्हातरी घरातली माणसं कुरकुर करू लागतात, शेजारी हसतात, आणि एखाद्या कमजोर दिवशी माणूस ती मोडीत काढून मोकळा होतो. तो दिवस येऊ नये म्हणून हे लोक गाडीचा एक भाग, जिच्यावाचून ती चालणार नाही किंवा निदान अधुरी राहील अशी एखादी वस्तू, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवत. मग गाडी विकायची तर आधी त्या मित्राकडे जाऊन वस्तू मागावी लागे, आणि तो मित्र चहा पाजून, समजूत घालून परत पाठवी. या वस्तूला ते ‘ठेव’ म्हणत. ज्याच्याकडे ठेव असेल त्यानं ती तेलपाणी करून राखायची. तो गेला तर त्याच्या माणसांनी त्याच्याच गाडीतून जाऊन प्रत्येकाची ठेव घरपोच करायची. पिशवीत घालून ट्रेननं न्यायची नाही.

दादाकडे दोन ठेवी होत्या. घाटकोपरच्या शांतिभाईंचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. आणि अंधेरीच्या तात्यांचा कार्ब्युरेटर, पेट्रोलात हवा मिसळणारा, पितळेचा. हे भाग आता परदेशातूनही मिळत नाहीत.

आता जे लिहायचं ते आधीच लिहून टाकतो. इस्पितळात दादानं मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "श्रीधर, शेडमधलं काही हलवू नकोस. त्यात लोकांच्या ठेवी आहेत." मी हो म्हटलं होतं. चौदावा दिवस झाला आणि पंधराव्या दिवशी मी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याला बोलावून शेड रिकामी केली. मला तिथे पुस्तकांची कपाटं ठेवायची होती. घरात ओल येते, पुस्तकांना बुरशी धरते, हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की त्या शेडचा मला वीस वर्षं राग होता. टिटवी तेवढी भंगारवाल्याला उचलता आली नाही, म्हणून राहिली.

महिन्याभरानं बोरीवलीहून माईंचं कार्ड आलं. त्या या चौघांतल्या सर्वांत वडील. ‘ठेवी सावकाश पोचव, घाई नाही. गाडी नीट चालव.’ ते कार्ड हातात घेऊन मी तसाच कुर्ल्याला धावलो. भंगारवाला म्हणाला, "पितळ, तांबं सगळं भट्टीत गेलं, साहेब. आता कशाला आलात?"

बायको, कुसुम, म्हणाली, "जाऊन सांगून या. खाणार आहेत का तुम्हाला?"

घाटकोपर

टिटवीला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा लागतो. विरुद्ध बाजूला धरला आणि इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा जातो. हे दादानं मला शंभरदा सांगितलं असेल. सकाळी चौथ्या फेऱ्याला ती सुरू झाली. भांडुपपर्यंत आग्रा रोडवर बैलगाड्यांच्या मागे मागे गेलो. विक्रोळीच्या खाजणाशी रेडिएटर उकळला, तेव्हा डबक्यात पाय घालून डबा भरावा लागला आणि एक चप्पल चिखलात राहिली. उरलेला प्रवास मी दादाच्या जुन्या बुटांत केला. ते सीटमागे होते, आणि मला एक बोट मोठे.

शांतिभाई कागद-पेन्सिलींचं दुकान चालवतात. त्यांची गाडी चाळीच्या अंगणात गोणपाटाखाली उभी असते. तिच्या लाकडी सांगाड्याला वाळवी लागली आहे आणि गेली सहा वर्षं ते एकेक फळी बदलत आहेत. मी वळणावर पोचायच्या आत ते धावत बाहेर आले होते.

"टिटवीचा आवाज आला, तसा चहा टाकून आलो," ते म्हणाले. मग बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. "वसंत गेला तर ही पण उदास ओरडते."

"तिसऱ्या गियरमध्ये नेहमीपेक्षा जास्तच ओरडते," मी म्हणालो.

"ते तुमचा पाय क्लचवर बसून राहते ना, म्हणून. उदास नाय मास्तर, वैतागली आहे ती."

जेवायला जसुबेनांनी वाढलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षभर घरात गोडधोड करत नाहीत, म्हणून मी डाळीकडे जरा बिचकून पाहिलं. तिच्यात गूळ होता आणि शेंगदाणेही. जसुबेनांना मी अडखळत तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे गोड नाय, भाई. ही डाळ आहे. गोड मी केलं असतं तर तुमाला कळलं असतं." शांतिभाई हसले, मीही हसलो. दादा गेल्यावर पहिल्यांदाच हसलो, असं वाटलं. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवून आलो होतो. आग्रा रोडभर ती घोकली होती. ‘शांतिभाई, माझ्या हातून एक मोठी चूक झाली.’ इथून सुरुवात.

हात धुऊन आल्यावर शांतिभाईंनी हिंडोळ्यावर एक धुतलेलं पांढरं कापड पसरलं. चारही कोपरे ओढून सरळ केले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हां मास्तर. आणा माझी ठेव."

त्या कापडाकडे पाहताना माझी सगळी वाक्यं गेली. तोंडातून आलं ते असं: "शांतिभाई, दादाला शेवटी शेवटी भान नव्हतं. शेडमधलं सगळं त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकलं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

हे मी रचलं नव्हतं. ते तयारच होतं, आणि किती नीट तयार होतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

 शांतिभाईंनी कापडाची घडी घातली. "बीमार माणूस," ते म्हणाले. "बीमार माणसाचं काय धरायचं? तुमी रडू नका."

मी रडत नव्हतो. पण ते तसं म्हणाल्यावर मला रडू आलं, आणि जसुबेन पाणी घेऊन आल्या. मला धीर देताना शांतिभाईंनी माझ्या पाठीवर जो हात ठेवला तो मी काढून टाकला नाही.

"तात्याची पण गेली?" त्यांनी विचारलं.

"तीही."

"मग त्याला तुमी नका सांगू. तो तापट माणूस. उद्या मी येतो बरोबर, मीच सांगेन. तुमच्या तोंडानं भावाची गोष्ट सांगायला नको."

आरे

दुसऱ्या दिवशी असल्फ्यावरून साकी नाका आणि तिथून पवईला निघालो. सरळ अंधेरीला जायचं सोडून हा फेरा शांतिभाईंच्या हौसेचा. नवी दूध वसाहत अजून ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. पवईच्या तलावापलीकडे झाडी दाट होते, मग एकदम चुन्यानं रंगवलेले गोठे दिसतात, ओळीनं, शाळेच्या वर्गांसारखे, आणि त्यांत म्हशी इतक्या शिस्तीत बांधलेल्या की माझ्या वर्गातल्या मुलांना आणून दाखवाव्यात. आमच्या लहानपणी म्हैस दारात असे आणि दूध तांब्यात. इथे दूध काचेच्या बाटलीत, वर पातळ पत्र्याचं झाकण. शांतिभाईंनी दोन बाटल्या घेतल्या. थंड दूध मी आयुष्यात पहिल्यांदा प्यायलो. चव चांगली होती, पण दूध प्यायल्यासारखं वाटलं नाही.

टेकडीचा चढ सुरू झाला आणि टिटवीनं दोन आचके देऊन मान टाकली. तिची टाकी सीटखाली आहे आणि पेट्रोल आपल्या वजनानं पुढे इंजिनाकडे उतरतं. टाकी अर्धी असली की चढावर इंजिन वर जातं, टाकी खाली राहते, आणि पेट्रोल पोचत नाही. याला उपाय एकच. गाडी वळवायची आणि चढ उलटा चढायचा, पाठीमागे.

"वसंत नेहमी असाच चढायचा," शांतिभाई खुशीत म्हणाले. "मी मागून दगड घेऊन चालतो. तुमी फक्त सरळ ठेवा."

मान मुरडून, एक हात चाकावर ठेवून, मी टेकडी चढू लागलो. मागे शांतिभाई धोतराचा सोगा खोचून, हातात दगड घेऊन उलट्या पावलांनी चालत होते आणि ओरडत होते, "डावीकडे! तुमची डावी नाय, माझी!" सहलीला आलेलं एक कुटुंब थांबून बघू लागलं. त्यातल्या आजोबांनी विचारलं, "कुठली गाडी ही?"

"काका, ही गाडी लाजाळू आहे," शांतिभाई धापा टाकत म्हणाले. "डोंगराला तोंड दाखवत नाही."

वर पोचल्यावर सगळी उपनगरं खाली पसरलेली दिसली. ताडांचे शेंडे, शेतं, मधूनच एखादी नवी इमारत. शांतिभाई दगड बाजूला टाकून कपाळ पुसत म्हणाले, "असा माणूस. त्याला भान नव्हतं म्हणता, तेव्हा मला सारखं वाटते, किती त्रास झाला असेल त्याला."

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी दुधाच्या रिकाम्या बाटल्या परत करायला हव्यात असं काहीतरी बोललो.

अंधेरी

तात्या मूळचे मालवणचे. गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते, आता मरोळला एका मोठ्या फणसाखाली त्यांचं बैठं घर आहे. त्यांची गाडी लांबलचक, काळी. फणसाच्या पानांनी झाकलेली असते आणि तात्या रोज झाडूनं ती साफ करतात. आम्ही पोचलो तेव्हा आतून बांगड्याच्या तिखल्याचा वास येत होता.

"इलंस रे, श्रीधरा!" तात्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "केवढो सुकलंस. बस. शांती, तुज्यासाठी वायली भाजी करूक सांगतंय. मासे बघून पळा नको."

शांतिभाई त्यांना आत घेऊन गेले. मी गाडीशी उभा राहिलो. दार उघडंच होतं. आधी शांतिभाईंचा हळू आवाज. मग तात्या:

"वसंतान? वसंतान विकल्यान?"

"बीमार होता, तात्या. भान नव्हतं."

"भान नसला म्हणान काय झाला? माणसाक भान नसता, पण हातांक असता. तेचे हात असा करूचे नाय."

ते बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. उंचीनं ते मला खांद्यापर्यंत येतात.

"श्रीधरा, तू सांग. खरांच वसंतान दिल्यान?"

हे मी लिहिलं नाही तर बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही. इथे तोपर्यंत माझी लबाडी शांतिभाईंच्या तोंडून बोलत होती. आता माझ्याच भावाबद्दल, माझ्याच तोंडानं एक शब्द बोलायचा होता, हो किंवा नाही. मी म्हणालो, "हो."

तात्या आत गेले आणि एक बोचकं घेऊन आले. ग्रीस लावलेल्या फडक्यात टिटवीचा दुसरा दिवा होता. दादाची ठेव. काच इतकी स्वच्छ की फणसाची पानं तिच्यात दिसत होती.

"घेवन जा," ते म्हणाले. "तेचा काय माझ्या घरात रवाक नको."

मी दिवा सीटवर ठेवला. निघायला वळलो तर तात्या म्हणाले, "जेवान जावा. रागान कोणाक उपाशी धाडूचंय नाय मी." आम्ही तिघे जेवायला बसलो. तिखलं फार चांगलं होतं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. या चार दिवसांतल्या सगळ्या गोष्टींत त्या भाताची आठवण मला का जास्त बोचते, ते सांगता येत नाही.

शांतिभाई तिथूनच बसनं घाटकोपरला परतले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "त्याचा राग जाईल. मी समजावीन त्याला, परत परत येऊन समजावीन."

बोरीवली

घोडबंदर रोडनं संध्याकाळी बोरीवलीला पोचलो. माईंचं घर स्टेशनापासून दूर, डोंगराच्या बाजूला. मागे भाताचं खाचर आणि त्यापलीकडे जंगल. माईंचे यजमान डॉक्टर होते. टिटवीच्याच कंपनीच्या, तिच्याहून थोरल्या गाडीतून ते खेड्यापाड्यांत रोगी तपासायला जात. ते गेल्यावर माई नऊवारीचा काचा मारून, दादाच्या हाताखाली ती गाडी सोडायला आणि जोडायला शिकल्या. दोन वर्षांपूर्वी टिटवीच्या गियरचे दात गेले, तेव्हा माईंनी आपल्या गाडीचं गियर काढून दादाला दिलं होतं. ते टिटवीतच आहे.

सकाळी माईंनी माझ्यापुढे भिजवून मोड आणलेले वाल ठेवले आणि म्हणाल्या, "सोलता येतात का? साल काढायचं, मोड मोडायचा नाही. बिरडं करायचंय." त्या स्वतः समोर पाटावर बसल्या. आमच्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत. इथे लावलं आणि मला बरं वाटलं, कारण वर बघावं लागत नव्हतं.

"गियर कसं आहे माझं?"

"चांगलं आहे. तुम्हाला परत द्यायला हवं."

"कशाला? मी आता कुठे फिरणार? चालतंय तिथे चालू दे. शांतिलालची आणि तात्याची ठेव दिलीस ना, मग झालं."

मी वाल सोलत राहिलो. त्या उठून बाहेर टिटवीपाशी गेल्या, परत आल्या, आणि त्यांच्या हातात ते दिव्याचं फडकं होतं.

"हा दिवा तात्याकडे होता," माई म्हणाल्या. "त्यानं परत का दिला?"

घाटकोपरला ते वाक्य आपसूक आलं होतं. अंधेरीला एका शब्दात भागलं होतं. इथे मला ती गोष्ट पहिल्यापासून, नीट मन लावून रचावी लागली असती, आणि समोरची बाई शांतपणे ऐकणार होती. मला ते जमलं नाही. मी खाली बघूनच सगळं सांगितलं. कपाटं, भंगारवाला, पांढरं कापड, फणसाखालचा ‘हो’.

माईंनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "वसंतानं तुला सांगितलं नव्हतं का? मी त्याला भेटायला आले होते, जाण्याआधी चार दिवस. चांगला शुद्धीत होता. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे तेसुद्धा मला सांगत होता."

"सांगितलं होतं."

"असं."

त्यांनी माझ्या पुढ्यातले वाल आपल्याकडे ओढले.  मी म्हणालो, "माई, मला माफ करा."

"मी कशाची माफी देऊ? माझी वस्तू तर तुझ्या गाडीत ठणठणीत आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "तू मला सांगितलंस कारण माझं काही गेलं नाही. सोपं होतं. ज्यांचं गेलं त्यांना सांग. आणि वस्तूंचं म्हणत नाही मी. वस्तू कधी ना कधी मोडतातच."

दिव्याकडे हात करून मी विचारलं, "हा तात्यांना परत नेऊन देऊ?"

"तो इथेच राहील. त्याला हवा असेल तर तो येऊन मागेल. तू हातात दिवा घेऊन त्याच्यापुढे जायचं नाहीस. तू नुसता जा."

बिरडं त्यांनी मला वाढलं. मोडलेले मोड सगळे माझ्या वाटीत होते.

पुन्हा घाटकोपर, पुन्हा अंधेरी

बोरीवलीहून परतताना आधी अंधेरी लागते. चौथ्या दिवशी सकाळी निघालो आणि तात्यांच्या बाजूला न वळता गोरेगावहून आरेत शिरलो, पवईवरून घाटकोपर गाठलं. रस्ता त्या बाजूनं चांगला आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला आधी मायाळू माणसाकडे जायचं होतं.

शांतिभाई दुकानात होते. मी दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच बोललो. गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई दौत हातात घेऊन ऐकत राहिली, तिचं आधी होऊ द्यावं हेही मला सुचलं नाही.

मॅग्नेटोबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. पेन्सिलींचा खोका बंद केला आणि म्हणाले, "मास्तर, तात्याला मी सांगितलं. माझ्या तोंडानं. मी तीस वर्षांत त्याच्याशी कधी खोटं बोललो नाय."

"मला कळतंय."

"नाय कळत. काल परत गेलो होतो मी, त्याला समजवायला. दोन तास बसलो. तो म्हणे, वसंत असा नव्हता. मी म्हणे, होता, तू मान." त्यांनी दुकानाची फळी लावली. "चला."

"आत्ता?"

"गाडी आहे ना? चला."

 साकी नाक्यापर्यंत टिटवी तिसऱ्या गियरमध्ये ओरडत होती, आणि माझा पाय क्लचवरच होता; या वेळी त्यांनी मला ते सांगितलं नाही.

तात्या फणसाखाली गाडीवरची पानं झाडत होते. शांतिभाई उतरून त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "आता तुमी बोला. मी मध्ये एक शब्द बोलणार नाय."

मी बोललो. ठेवींबद्दल दादानं सांगून ठेवलं होतं, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर तात्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी शांतिभाईंना विचारलं, "म्हणजे वसंत न्हय?"

"वसंत नाय, तात्या."

तात्यांनी झाडू खाली ठेवला. चार पावलं चालत येऊन ते टिटवीच्या पायरीवर बसले.

"दोन दीस," ते म्हणाले. "दोन दीस मी तेका गाळी घालतंय. सकाळी दात घासताना सुद्धा. मेल्या माणसाक, शांती." आणि मग ते मोठ्यानं रडू लागले. आतून त्यांच्या बायको हातात पळी घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. "तो गेल्यापासना माका रडाकच येय ना. आणि मगे ह्या आयकलंय. मगे रडाक कशा येतला?"

शांतिभाई त्यांच्याजवळ बसले. पायरी अरुंद होती, दोघे एकमेकांना धरून बसले. मी बॉनेटच्या अलीकडे उभा होतो. दादासाठी मला रडू येत होतं, पण तिथे, त्या दोघांच्या समोर, ते माझं नव्हतं.

मग तात्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"भंगारवालो खंयचो?"

"कुर्ल्याचा. सगळं वितळवलं त्यानं. मी गेलो होतो."

"बरां." ते उठले. टिटवीच्या मडगार्डवर त्यांनी हात फिरवला, जसा गुरांच्या पाठीवर फिरवतात. "गाडी हंय रवांदे."

मी टिटवीकडे पाहिलं.

"हेच्यापुढे ती तुझ्या घरी नको. माईचा गियर आसा तिच्यात. आमी बघू. शांती बघतलो, मी बघतलंय." मग जरा थांबून, "तू वायट माणूस नाय, श्रीधरा. पण तुझ्याकडे ठेव ठेवूक येयत नाय."

मी सीटखालचं हँडल काढून त्यांच्या हातात दिलं. शांतिभाई मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले नाहीत, आणि ते यावेत असं मला वाटलंही नाही. बूट एक बोट मोठे असल्यामुळे बसस्टॉपपर्यंत चालायला वेळ लागला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आवाज आला नाही म्हणून कुसुम बाहेर डोकावली, अंगणात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गाडी कुठे?"

"दादाच्या माणसांकडे," मी म्हणालो.